फेअर म्हणजे गोरा, बेताचा की रास्त?

इंग्रजीतले काही शब्द आपल्या घरी पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन बसले. ‘पेन’, ‘बस’, ‘डॉक्टर’ यांना आता कोणी परके मानीत नाही. त्यांचा अर्थ सरळ असल्यामुळे त्यांच्याकडून फसगतही होत नाही. पण एक विशेषण असे आहे की ते आपल्याकडे एकाच दाराने आलेले नाही. ते मुलांच्या दप्तरातून आले, तोंडाला लावायच्या क्रीमच्या नळीवरून आले, रेशनच्या दुकानाच्या पाटीवर मराठी पोशाख करून बसले, आणि साखर कारखान्याच्या ऊसबिलातही शिरले. तो शब्द म्हणजे ‘फेअर’. दिसायला एवढासा, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा. आणि शेवटच्या ठिकाणी तर त्या अर्थावर आपल्या दीड वर्षाच्या कष्टाचा पैसा अवलंबून आहे. म्हणून आजचे पान त्याच्यासाठी.

शाळेपासून सुरुवात करू. ‘रफ वही’ आणि ‘फेअर वही’ हा भेद पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतो. गुरुजींनी ‘फेअर करून आण’ म्हटले की खाडाखोड न करता, स्वच्छ अक्षरात उतरवून न्यायचे. कचेरीतही मसुदा आधी कच्चा होतो, मग त्याची पक्की प्रत निघते. तिला फेअर कॉपी म्हणतात. इथे फेअर म्हणजे स्वच्छ, डाग नसलेला.

त्याच दप्तरातून पुढे प्रगतिपुस्तक बाहेर येते. इंग्रजी शेरे देणाऱ्या शाळांत बहुधा एक उतरती भाजणी असते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. गणितापुढे ‘फेअर’ लिहिलेले पाहून आईला वाटावे की पोराने गणिते अगदी स्वच्छ सोडवली. प्रत्यक्षात हा शेरा शेवटून दुसरा आहे. ‘अगदीच वाया गेलेला नाही, पण बेताचाच आहे’ असे बाई सौम्य शब्दांत कळवीत असतात. कोणाच्या घरी असे प्रगतिपुस्तक येत असेल तर त्या शेऱ्यावर पेढे वाटण्याआधी पोराला उजळणीला बसवावे हे बरे.

हाच बेताचेपणा आपल्याला बाजारातही भेटतो. हमीभावाने सोयाबीन घालायला खरेदी केंद्रावर गेले की ‘एफ.ए.क्यू. प्रतीचा माल पाहिजे’ असे सांगतात. कऱ्हाड, कोरेगाव, वाळव्याकडच्या सोयाबीनवाल्यांना ही तीन अक्षरे पाठ असतील. त्यातले पहिले अक्षर आपला फेअर. पूर्ण शब्द ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’, म्हणजे साधारण चांगला, सरासरी प्रतीचा माल. गंमत पाहा. आपण मनात समजतो की केंद्राला उत्तमातला उत्तम माल हवा आहे. कागद मात्र म्हणतो, साधारण बरा असला तरी चालेल. फक्त ओलावा, काडीकचरा, फुटके दाणे यांची जी मर्यादा ठरली आहे ती ओलांडू नका. सोयाबीनसाठी ओलाव्याची ही मर्यादा १२ टक्के. पण २०२४ च्या खरिपात परतीच्या पावसाने दाणे ओले राहिले, मालाचे ढीग परत जाऊ लागले, तेव्हा केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. म्हणजे सप्टेंबरात जो माल ‘फेअर’ नव्हता तो नोव्हेंबरात ‘फेअर’ ठरला. दाणा तोच होता. बदलला तो नियम. तेव्हा केंद्रावर माल नाकारला तर ‘माल खराब आहे’ एवढ्यावर घरी येऊ नये. कोणत्या मापात बसला नाही, ओलावा किती निघाला, हे आकड्यात विचारावे.

एकाच शब्दाने ‘स्वच्छ’ही म्हणावे आणि ‘बेताचा’ही म्हणावे, हे कसे? मुळात जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सुंदर, मनाला बरा वाटणारा’ या अर्थाचा होता. सुंदर ते स्वच्छ, स्वच्छ ते निर्मळ व्यवहाराचे, व्यवहाराचे ते न्यायाचे, अशी त्याची वाट शेकडो वर्षे चालत गेली. आणि फार वापरलेले नाणे जसे गुळगुळीत होते, तसे कौतुक झिजत झिजत ‘बरा आहे’ एवढ्यावर आले. यात्रेला किंवा प्रदर्शनाला जो ‘फेअर’ म्हणतात तो मात्र याच्या नात्यातला नाही. तो लॅटिनमधल्या सणाच्या, सुट्टीच्या शब्दापासून निघालेला. एस.टी.च्या भाड्याचा ‘फेअर’ तिसराच. इंग्रजीत त्याची अक्षरेही वेगळी. देवनागरीत लिहिले की तिघेही जुळ्या भावांसारखे दिसतात, त्याला इलाज नाही.

आणि आपण इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. आपला ‘उतारा’ घ्या. तलाठ्याकडे मिळतो तो सातबाराचा उतारा, कारखान्यात निघतो तो साखरेचा उतारा, पुस्तकातून पाठ करायचा तो धड्याचा उतारा, आणि लिंबू-भात तिकाटण्यावर ठेवून येतात तोही उताराच. एखादा साहेब मराठी शिकायला आला तर त्याने कपाळाला हात लावावा. पण आपण कधी गोंधळत नाही. शब्दाशेजारी कोण बसले आहे ते पाहून आपण अर्थ ओळखतो. फेअरच्या बाबतीतही तेच करायचे आहे.

आता क्रीमच्या नळीकडे वळू. सुंदरवरून हा शब्द इंग्रजांच्या देशात ‘गोऱ्या कातडीचा’ या अर्थावर कसा घसरला हे समजण्यासारखे आहे. जिथे सगळेच गोरे, तिथे अधिक गोरा तो अधिक देखणा. ते त्यांच्या देशाचे. पण तोच शब्द आपल्याकडे आला आणि लग्नाच्या जाहिरातींत ‘फेअर, स्लिम’ म्हणून छापला जाऊ लागला. ‘फेअर अँड लव्हली’ नावाचे क्रीम १९७५ साली आपल्या देशात निघाले आणि पुढे गावोगावच्या किराणा दुकानांत त्याच्या पुड्या लटकू लागल्या. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० साली, कंपनीने त्या नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केला. काळ्या-गोऱ्याच्या भेदाविरुद्ध जगभर ओरड उठली होती, तिचा तो परिणाम. नाव बदलले, पण मुलगी पाहायला आलेल्या मंडळींची नजर बदलायला अजून अवकाश आहे.

मराठीने हे तीन अर्थ तीन खोल्यांत ठेवले हे फार बरे झाले. देखणा तो देखणा, गोरा तो गोरा, रास्त ते रास्त. इंग्रजीत मात्र गोरा आणि न्यायी यांना एकच शब्द, आणि ‘अनफेअर’ म्हणजे अन्यायाचा. उन्हात भांगलण करणाऱ्या आपल्या लेकीबाळींनी हा हिशेब मनावर घेण्याचे कारण नाही. लोणंद-फलटणच्या वाटेने दर आषाढात माउलींची पालखी जाते ती एका सावळ्या देवाच्या दर्शनाला, आणि त्याच्या रूपाला अजून कोणी बोट लावलेले नाही.

आकाशालाही इंग्रज फेअर म्हणतो. जुन्या वायुभारमापकाच्या तबकडीवर ‘वादळ’, ‘पाऊस’, ‘बदल’, ‘फेअर’ अशी नावे कोरलेली असत. काटा फेअरवर आला की साहेब खूश, कारण पाऊस नाही, आभाळ निरभ्र. हे विलायतेतल्या सततच्या रिपरिपीला कंटाळलेल्या माणसाचे बोलणे झाले. आमच्या माण, खटाव, जत, आटपाडीच्या शेतकऱ्याने जुलैत असे निरभ्र आभाळ पाहिले तर त्याच्या पोटात गोळा येतो. त्याचे फेअर हवामान म्हणजे काळेकुट्ट भरून आलेले. एका सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. दोघांना एक शब्द कसा पुरावा? पण तासगाव, कवठेमहांकाळकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. शेडमध्ये बेदाणा वाळत पडलेला असतो, आणि एक अवकाळी सर आली तरी मालाचा रंग जातो. तिथला बागायतदार साहेबासारखाच निरभ्र आभाळाची वाट पाहतो. तेव्हा चांगले हवामान कोणते हे पिकावर आणि महिन्यावर आहे.

याच अर्थाचा ‘फेअर वेदर रोड’ सरकारी दप्तरात असे. नाव ऐकून वाटावे, मोठा छान रस्ता. अर्थ एवढाच की उघडीप आहे तोवर गाडी जाईल. पाटण, जावळीच्या वाड्यावस्त्यांवरच्या ज्या बायांना पावसाळ्यात डालग्यातून किंवा झोळीतून दवाखान्यात नेले गेले आहे, त्यांना हा रस्ता कोणी समजावून सांगायला नको. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली तेव्हा कागदावर ‘बारमाही रस्ता’ हा शब्द वापरला गेला. तो शब्द स्वच्छ आहे. त्यात पळवाट नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. भुईंजपासून साखराळ्यापर्यंत, कृष्णाकाठी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेली ‘एफआरपी’. तिचे पहिले अक्षर पुन्हा आपला फेअर. ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. ‘रास्त’ हा फारसीतून आलेला शब्द, सरळ, खरा या अर्थाचा. आपल्या भाषेत तो इतका मुरला की शरद जोशींनी १९८० च्या सुमारास शेतकरी संघटना उभी केली तेव्हा ‘शेतीमालाला रास्त भाव’ एवढ्या तीन शब्दांवर माणसे रस्त्यावर बसली. रेशनच्या दुकानाचे सरकारी नाव ‘रास्त भाव दुकान’. म्हणजे पिकवणाऱ्यालाही रास्त पाहिजे आणि खाणाऱ्यालाही. (त्या दुकानात प्राधान्य कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट मिळू लागले. पाटीवर रास्त भाव, आत भावच नाही!)

हे पिकवणारा आणि खाणारा असे दोघे एकाच कागदावर समोरासमोर आले आहेत, आणि तो कागद म्हणजे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. ऊसाचा दर ठरवताना केंद्राने काय काय पाहावे याची यादी त्यात आहे. उत्पादनखर्च पाहा, दुसरे पीक घेतले असते तर शेतकऱ्याला काय मिळाले असते ते पाहा, साखर काय भावाने विकली जाते, उतारा किती, मळी-बगॅसचे किती आले, शेतकऱ्याला जोखमीबद्दल वाजवी नफा किती, हे सगळे पाहा. आणि याच यादीत एक कलम असे की ग्राहकाला साखर ‘फेअर’ किमतीत मिळेल हेही पाहा. म्हणजे ज्या कागदाने आपल्या ऊसाचा दर फेअर ठरवायचा, त्याच कागदावर मुंबई-दिल्लीच्या चहावाल्याची साखरही फेअर असायची आहे. एका तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच शब्द ठेवला आहे. दिल्लीत दर ठरतो तो या दोन फेअरमध्ये कुठेतरी. आपल्याला रास्त वाटतो त्यापेक्षा तो कमी का निघतो, याचे एक उत्तर इथे आहे. खर्च मोजण्याच्या पद्धतीतही एक उत्तर आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने ऊसाचा खर्च देशभराचा मिळून क्विंटलला १७३ रुपये धरला. त्यात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचा खंड येत नाही. आपल्याकडचा आडसाली ऊस पंधरा-अठरा महिने रान अडवून उभा असतो, आणि त्या रानाची किंमत या हिशेबात शून्य.

जुन्या लोकांना आठवत असेल, २००९ पर्यंत या दराचे नाव ‘एसएमपी’ होते. ‘वैधानिक किमान किंमत’. त्या वर्षी आदेशात दुरुस्ती झाली, ‘किमान’ गेले आणि ‘रास्त व किफायतशीर’ आले. ऐकायला नवे नाव किती गोड. माझ्या मते मात्र या नामांतरात आपले थोडे नुकसान झाले. किमान म्हटले की ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते की हा खालचा कठडा आहे, याच्या वर कितीही जाता येते. ‘रास्त’ म्हटले की वाटते, न्याय झाला, आता आणखी काय मागता? कायद्याने अर्थ बदललेला नाही. एफआरपीपेक्षा कमी दराने कारखान्याने ऊस घ्यायचा नाही, एवढेच आदेश सांगतो. जास्त देण्यास बंदी नाही, आणि आपल्या भागातल्या कारखान्यांनी अनेक हंगामांत जास्त दिलेलेही आहे. तेव्हा कोणी ‘आम्ही पूर्ण एफआरपी दिली’ असे छाती काढून सांगितले तर त्याचा अर्थ ‘कायद्याने ज्याच्या खाली जाता येत नाही तेवढे दिले’ असा घ्यावा. बोलणी तिथून सुरू होतात.

दुसरी मेख उताऱ्यात. २०१७-१८ साली एफआरपी क्विंटलला २५५ रुपये होती, ती साडेनऊ टक्के उताऱ्याला. पुढच्या वर्षी २७५ झाली. वीस रुपये वाढले म्हणून बातम्या आल्या. पण त्याच वर्षी पायाचा उतारा साडेनऊवरून दहा केला गेला. जुन्याच दराने दहा टक्क्यांना साधारण २६८ रुपये ४० पैसे बसत होते. म्हणजे खरी वाढ क्विंटलला साडेसहा रुपयांच्या आसपास. टनाला दोनशे वाटली ती सहासष्ट निघाली. २०२२-२३ पासून पाया सव्वादहा झाला. नाव फेअरच राहिले, पायाखालची पायरी वर सरकली.

२०२५-२६ चा दर सव्वादहा टक्क्यांना ३५५ रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. कारखान्याचा उतारा १२ टक्के धरला तर पावणेदोन टक्क्यांचे साडेसतरा भाग होतात. त्यांचे ६० रुपये ५५ पैसे. एकूण ४१५ रुपये ५५ पैसे, टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे. हा दर कारखान्याच्या दारापर्यंत पोचलेल्या ऊसाचा, म्हणून तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते आणि उरेल ते खात्यावर येते. ही आकडेमोड आठवीतल्या मुलीला येते. बिल आले की तिलाच करायला बसवावे. फक्त कारखान्याचा उतारा किती धरला आणि टनाला तोडणी-वाहतूक किती कापली हे दोन आकडे तिला मिळवून द्यावेत.

फेअरमध्ये वेळही येते. आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की आधी ठरावीक उताऱ्याप्रमाणे हप्ता द्यावा आणि उरलेले हंगाम संपून खरा उतारा कळल्यावर. राजू शेट्टी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सोसायटीचे कर्ज, पोरांची फी, खोडव्याचे खत हे सगळे चौदाव्या दिवसाकडे डोळे लावून असते. रास्त दर मिळाला पण सहा महिन्यांनी मिळाला, तर मधल्या काळात सावकाराने त्यातला रास्तपणा खाल्लेला असतो.

जमिनीच्या बाबतीत थोडक्यात. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याच्या नावात फेअर कुठेच नव्हता. कोयनेत जमिनी गेल्या त्या त्याच काळात, आणि तिथल्या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी पुढे कित्येक दशके झगडावे लागले. २०१३ च्या कायद्याच्या नावातच ‘फेअर’ भरपाईचा हक्क आला; मराठीत कोणी तिला वाजवी म्हणतात, कोणी योग्य. मात्र त्या कायद्याने शब्द मोकळा सोडला नाही. बाजारभाव काढा, ग्रामीण भागात त्याला ठरलेल्या आकड्याने गुणा, झाडे-विहिरी-घरे यांची किंमत मिळवा, आणि या सगळ्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्या. महामार्गाची किंवा कालव्याची नोटीस घरी आली तर तिच्यावरचा शेवटचा आकडा आधी पाहू नये. आसपासच्या कोणत्या खरेदीखतांवरून बाजारभाव धरला आणि कितीने गुणले, हे लेखी मागावे. हरकत घ्यायची असेल तर ती या दोन आकड्यांवर आणि मुदतीच्या आत घ्यावी लागते.